डाव्या हाताचा चुडा

डायलिसिससाठी शेवंतीच्या डाव्या हातात कातडीखाली कृत्रिम रक्तनळी बसवली, तेव्हापासून त्या हातात बांगडी बंद झाली. नळीवर दाब नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी दत्ताराम तिथे बोट ठेवून रक्ताची थरथर तपासायचा. लालबागच्या गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांवर जन्म काढलेल्या नवऱ्याला ती हसून विचारायची, “अहो, साचा चालू आहे ना?”

“चालू आहे गं.”

आज अहेवपणी गेलेल्या शेवंतीला चाळीतल्या बायका हिरवा चुडा भरत होत्या. त्यांनी डावा हात उचलताच दत्ताराम ओरडला, “त्या हातात नको! नळी दबेल!”

बायका थबकल्या. त्यानं नळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग बांगड्यांसाठी हात पुढे करून म्हणाला, “द्या, मी भरतो.”