कॅनॉलच्या वाटेची तपासणी

थंडीत कॅनॉलच्या वाटेवर सायकल चालवणं धोक्याचं असतं, हे मत सुभेदार लालासाहेब यांनी दोन स्वेटर, त्यावर लष्करी कोट, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीवरून मफलर अशा वेशात मांडलं. त्या दिवशी कराडात थंडी होती, नाही असं नाही. पण शेजारचे काका बनियनवर उभे राहून दात घासत होते.

"ही कसली थंडी," सुभेदार म्हणाले. "आमी बर्फात नोकरी केलीया. हितली थंडी म्हंजी नुसतं नाटक."

आणि त्यांनी शेगडी पायाशी ओढून घेतली.

लालासाहेब म्हणजे संयोगिताचे वडील. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणते. संयोगिता माझ्याच वर्गात, इंजिनिअरिंगला. आमच्या सायकल ग्रुपमध्ये ती सगळ्यात पुढे असते आणि मी सगळ्यात मागे. मधल्या लोकांना त्यामुळे सुरक्षित वाटतं.

रविवारी ग्रुपची थंडीतली मोठी राईड होती. कराडहून निघायचं, कॅनॉलच्या कडेच्या मातीच्या वाटेनं सांगली जिल्ह्यात शिरायचं आणि एका गुऱ्हाळावर गरम गूळ खाऊन परत. यंदा वाट दाखवायला पुढे संयोगिता, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. वर्षभर तिनं त्यासाठी सराव केला होता. आता फक्त तात्यांचा होकार बाकी होता, आणि तात्या नाही म्हणत होते.

"धोका कुठला ते तर सांगा, तात्या," संयोगिता म्हणाली.

"धुकं. त्या धुक्यात उसाच्या ट्रॉल्या. त्यास्नी मागं दिवा नसतोय."

"पण गाणं असतं," मी म्हणालो.

हे खरं आहे. कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. गाणं लागलंय एवढं कळलं की ट्रॅक्टर लांब आहे. गाण्याचे शब्द कळायला लागले की बाजूला व्हायचं. गाणं आवडायला लागलं तर उशीर झालेला असतो.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्यो कोण?"

"साईराज. गेली तीन वर्षं घरी येतोय, तात्या."

"असू दे. आन वाटंवर पडलेला ऊस? त्याच्यावर चाक चढलं की माणूस डायरेक्ट कॅनॉलात."

"पडलेला ऊस वाटेवर राहतोय कुठं," संयोगिता म्हणाली. "मागनं येणारा उचलून खातोय की."

तात्या उठले. कमरेवर हात ठेवून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं असं बघितलं, जणू ते शत्रूच्या मुलखाचा नकाशा आहे. मग त्यांनी हुकूम सोडला.

"शनवारी म्या स्वतः रेकी करणार. सगळी वाट, सायकलनं. माझं चाक एकदा जरी घसरलं तर तू रविवारी घरात. न्हाई घसरलं तर खुशाल जा."

"शब्द?"

"सुभेदाराचा."

संयोगितानं मला बाहेर आणलं. तिचा चेहरा अजिबात खुशीतला नव्हता. "दहा वर्षांत ते सायकलवर बसले नाहीत," ती म्हणाली. "पण शब्द दिलाय म्हणजे दिलाय. घसरले तर देवही मला घराबाहेर काढू शकणार नाही."

आम्ही शोएबकडं गेलो. शोएबचं स्टँडजवळ सायकलचं दुकान आहे आणि कॅनॉलकडेच्या सगळ्या वस्त्यांवर त्याची ओळख आहे. ग्रुपच्या अडचणी सोडवणं हे तो आपलं काम समजतो. अडचणींचं मत वेगळं असावं.

"आरं, त्यात काय," शोएब म्हणाला. "वाट साफ असली की चाक कशाला घसरतंय? मी फोन लावतो."

त्यानं माळेवस्तीवरच्या लीलाबाईंना आमच्यासमोरच फोन लावला. "मावशी, शनवारी सकाळी एक सुभेदार यायचे हायत. व्हय, मिल्ट्रीतले. लय कडक माणूस. वाट बघणार हायत आपली. तेवढं उसाचं पाचट, वाडं, दगड बाजूला करून ठेवा. व्हय. बास, तेवढंच."

फोन ठेवून तो म्हणाला, "झालं काम."

शोएब 'झालं काम' म्हणाला की मी उगाच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढतो. पण थंडीचे दिवस होते, कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

शनिवारी पहाटेच आम्ही चौघं निघालो. पुढे तात्या आपल्या काळ्या, उंच, घंटी नसलेल्या सायकलवर. घंटीऐवजी गळ्यात शिट्टी. मागे संयोगिता, मग शोएब, मग मी. धुकं एवढं दाट होतं की तात्या दिसत नव्हते, फक्त त्यांच्या सूचना ऐकू येत होत्या.

"डावीकडं खड्डा."

खड्डा उजवीकडं होता. पण रेकीत मतभेद चालत नाहीत, म्हणून शोएब आदरानं त्यात जाऊन आला.

दव इतकं पडलं होतं की कडेचं गवत पांढरं दिसत होतं. बोटं बधिर झाली होती. ब्रेक दाबला की नाही हे बोटांना कळायचं नाही, सायकल थांबली की अंदाज यायचा. एकदा गाणं ऐकू आलं. तात्यांनी शिट्टी मारली, सगळे उतरलो, वाटेच्या कडेला सावधानमध्ये उभे राहिलो. ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या गेल्या. ड्रायव्हरला वाटलं आम्ही त्याच्यासाठीच उभे आहोत. त्यानं गाणं बारीक केलं आणि हात कपाळाला लावला.

पुढे वाटेच्या बरोबर मधोमध शेकोटी होती. भोवती पाच-सहा माणसं बसलेली, आणि मधे एक कुत्रं, जे बहुतेक अध्यक्ष होतं.

"अडथळा," तात्या म्हणाले आणि उतरले.

"या, च्या घ्या," एक म्हातारा म्हणाला.

"ड्युटीवर हाय."

"मग शेका तरी."

तात्यांनी विचार केला. "आग कितपत धोक्याची हाय ते बघाय पायजे," असं म्हणून त्यांनी दोन्ही तळवे शेकोटीवर धरले. धोका बराच खोलवर असावा, कारण ते बघायला त्यांना दोन कप चहा लागला.

पण वाट मात्र चोख होती. कुठं पाचोळ्याचा ढीग नाही, दगड नाही, उसाचं टिपरू नाही. खाली कोरडी, घट्ट माती. जिल्ह्याची हद्द आली तसे तात्या थांबले, मागं वळून सातारा जिल्ह्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "हितपतूर ठीक हाय. हितनं पुढं सांगली. भरवसा न्हाई."

"माती तीच आहे, तात्या," संयोगिता म्हणाली.

"माणसं येगळी हायत."

"आत्याचं सासर सांगलीतच आहे."

"म्हणूनच सांगतोय."

पण त्यांच्या आवाजातला कडकपणा जरा उतरला होता. संयोगितानं माझ्याकडं बघून एक बोट वर केलं: एकच वस्ती राहिली. माळेवस्ती ओलांडली की गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळ आलं की तपासणी संपली.

आम्ही परत सायकलींवर बसलो, आणि थोड्याच वेळात धुक्यातून कमान दिसली.

केळीचे दोन खुंट आणि मधे झेंडूची माळ. कमानीखाली अख्खी वस्ती उभी. बायका नव्या साड्यांत, माणसं टोप्या घालून. सगळ्यांच्या पुढे लीलाबाई, हातात ओवाळणीचं ताट. आणि कमानीच्या अलीकडं, चांगल्या लांबलचक पट्ट्यात, सगळी वाट ओली चकचकीत. नुसतं पाणी नव्हतं. शेणाचा सडा होता, आणि तो हात आखडून घातलेला नव्हता. पाहुणा मोठा म्हणून सडाही मोठा. त्यावर रांगोळी. मधोमध सलाम करणारा जवान काढला होता. तो थोडासा बुजगावण्यासारखा दिसत होता, पण भाव चेहऱ्यावर होते.

काळी माती, वर शेण, वर दव, आणि वाळवायला ऊन नाही. हिवाळ्यात आमच्या वाटेवर याहून निसरडं काही तयार करायचं म्हटलं तर माणसाला मुद्दाम शिकायला जावं लागेल.

"शोएब," मी हळूच म्हणालो, "हे काय?"

"मी फक्त पाचट काढा म्हणलो होतो."

"काढलंय की."

"मग जागा मोकळी दिसली असंल त्यास्नी."

संयोगितानंही सडा पाहिला होता. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. ओरडून थांबवलं तर वाट निसरडी आहे हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं, आणि रविवार गेला. गप्प बसलं तर बाप पडणार. तिनं फार वेळ घेतला नाही.

"तात्या, उतरा," ती ओरडली. "वाट ओली आहे, पडाल."

तात्यांनी ऐकलं असेल. पण त्याच क्षणी समोरच्या सगळ्या वस्तीनं, बायका-पोरांसकट, त्यांना सॅल्यूट ठोकला. आणि सॅल्यूटला उत्तर दिलं नाही असं तात्यांच्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. त्यांनी पाठ ताठ केली, उजवा हात हँडलवरून काढला आणि कपाळाला लावला.

पुढचं चाक रांगोळीतल्या जवानाच्या पायावरून उजवीकडं गेलं, मागचं डावीकडं. तात्या अत्यंत शिस्तीत आडवे झाले आणि सॅल्यूट न सोडता घसरत घसरत लीलाबाईंच्या पायाशी जाऊन थांबले. लीलाबाईंना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी वाकून कुंकू लावलं. खाली आल्यामुळं ते सोपंही गेलं.

वस्तीचा सॅल्यूट अजून तसाच होता. कुत्रीसुद्धा सावधानमध्ये उभी होती.

संयोगिता सायकल टाकून धावली. "लागलं का, तात्या?"

तात्या उठून बसले. कोटाला शेण, मफलरला रांगोळी, कपाळाला कुंकू. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ते काय बोलणार हे तिला, मला आणि शोएबला ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलंही.

"आवं सुभेदार," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "माझ्या सड्यानं घसरला व्हय? माझं पोरगं हाय की फौजंत, तिकडं बर्फात. फोनवर म्हणतंय, आई, हितं लय घसरतंय. म्हणलं, आपल्या दारावरनं कोण फौजी चाललाय तर त्याला निदान धूळ तरी लागू नये."

तात्यांनी तोंड मिटलं. मग त्यांनी मफलरवरचा रांगोळीचा पिवळा रंग निरखला, आणि घसा खाकरला.

"सड्यानं न्हाई, बाई. सडा झकास हाय. म्या रांगोळी बघत हुतो. जवान लय हुबेहूब काढलाय."

"खरं?"

"आमच्या पलटणीतला वाटतोय."

लीलाबाईंच्या जिवात जीव आला. सगळी वस्ती हलली, बोलायला लागली. तात्या अजून खालीच बसले होते. संयोगिता त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि अगदी हळू विचारलं, "मग चाक घसरलं का, तात्या?"

तात्यांनी कानटोपी सरळ केली. त्यांनी आडव्या सायकलकडं बघितलं, लीलाबाईंकडं बघितलं, आणि शेवटी पोरीकडं.

"तू वरडलीस कशाला? गप बसली असतीस तर?"

"पडला असता."

"पडलो की."

"हो, पण मी ओरडले होते."

तात्यांनी मान हलवली. "चाक न्हाई घसरलं," ते म्हणाले. "म्या उतरलो. जरा लवकर उतरलो."

"म्हणजे उद्या?"

"जा की. वाट वळखती तू. पुढं राहा, आन ओली जागा दिसली की आसंच वरड."

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच लीलाबाईंनी आनंदानं पदर खोचला. "उद्या तुमची समदी पोरं यायची हायत व्हय? मग उद्या पार गुऱ्हाळापतूर सडा घालते."

शोएबनं कॅनॉलकडं बघितलं. मला वाटतं तो उडीचं अंतर मोजत होता.

तात्या उठले, कोट झटकला, लीलाबाईंना बाजूला घेतलं आणि चारी बाजूंना नजर टाकून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, उद्याची मोहीम गुप्त हाय. गुप्त मोहिमेला सडा घालत न्हाईत."

लीलाबाईंनीही आवाज खाली आणला. "आन रांगोळी?"

तात्यांनी विचार केला. "कोरडी चालंल. कडंनं."

"आन आमी?"

"तुमी कुणी दिसायचं न्हाई."

लीलाबाईंनी मान डोलावली. मिल्ट्रीतल्या पोराची आई म्हणजे शब्दाला पक्की.

रविवारी सकाळी धुक्यातून आमची सगळी टोळी माळेवस्तीवर पोचली तेव्हा वाट कोरडी होती आणि वस्तीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, गोठ्यांवर पोती टाकलेली, म्हशीसुद्धा घरामागं नेऊन बांधलेल्या. कडेला मात्र रांगोळीची लांब रेघ होती. सगळ्यात पुढे संयोगिता होती. तिनं सायकल जरा सावकाश केली आणि बंद दाराकडं बघून हात हलवला.

"येते हं, मावशी," ती म्हणाली.

दाराआडून लीलाबाईंचा आवाज आला, "आमी हितं न्हाई. जावा सावकाश."