हार्लनला कुणी विचारलंच नाही

ब्रायोनी कॉपॉकला सगळं जमायचं, फक्त मागणं जमायचं नाही. लहानपणी शेजारी खेळताना तहान लागली तर ती दोन शेतं ओलांडून घरी यायची, पाणी पिऊन परत जायची, पण शेजाऱ्यांकडे पेला मागायची नाही. म्हणून फिलाडेल्फियाच्या सेवावर्षासाठी आपली निवड झाल्याचं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात नाचली आणि नियम वाचून झाल्यावर मुकाट्याने खुर्चीत बसली.

कार्यक्रम क्वेकरांचा, म्हणजे पाद्र्याशिवाय मौनात प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. सात तरुण मुलंमुली वर्षभर एका घरात राहणार, आळीपाळीने रांधणार आणि दिवसा शहरातल्या निरनिराळ्या संस्थांत काम करणार. ब्रायोनीच्या वाट्याला आलं होतं, घरमालकांनी बाहेर काढायला घेतलेल्या भाडेकरूंना वकील मिळवून देणारं एक ऑफिस. राहण्याजेवण्याचं कार्यक्रम बघणार, हातखर्चालाही थोडं देणार. पण खर्चातला एक वाटा प्रत्येकाने आपल्या माणसांकडे जाऊन, तोंडाने मागून गोळा करायचा.

"मी कमावून भरते," ब्रायोनी म्हणाली.

"कमवायला सांगितलं नाहीये, मागायला सांगितलंय," तिची आई लोर्ना म्हणाली. लोर्ना शाळेची बस चालवायची. पोरांच्या सबबी ऐकून तिचे कान किटले होते.

तरी ब्रायोनीने अक्रोडाचे केक करून विकायला काढले. ओहायोतल्या मिलब्रूक गावातली त्यांची क्वेकर मित्रसभा इवलीशी. रविवारी सकाळी एकत्र जमून मौनात बसणारी पंधरावीस माणसं, त्यातल्या निम्म्यांना मधुमेह. केक सगळ्यांनी घेतले, खाल्ले कुणीच नाहीत. ते आपसात वाढदिवसाला, बारशाला, पाय मोडलेल्या माणसाला भेट जात राहिले. दुसऱ्या आठवड्यात लोर्ना बसवरून घरी आली ती केकचा एक डबा घेऊन. "सभेतल्या विनिफ्रेडने दिलाय. म्हणाली, कुणीतरी छान केक करतं."

त्याच सुमारास कार्यक्रमाच्या ऑफिसातून इनेझ नावाच्या बाईचा फोन आला.

"पैसे कसे जमतायत?"

"केक खपतायत."

"तू कुठे चाललीस हे किती जणांना ठाऊक आहे?"

ब्रायोनीने ओट्यावरचं पीठ पुसायला घेतलं.

"हे बघ, नुसते पैसेच हवे असते तर आम्ही तुला त्रास दिला नसता," इनेझ म्हणाली. "तिकडे एखाद्या दिवशी तुला रडू येईल, सोडून जावंसं वाटेल. तेव्हा तुझी चौकशी करणारी माणसं मागे असायला हवीत. ज्याने काही दिलंय तो विचारतो, पोरीचं कसं चाललंय. केक घेणारा कशाला विचारेल?"

पुढच्या रविवारी मौन संपून सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि ब्रायोनी उभी राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बाहेर काढलेल्या भाडेकरूंबद्दल काहीतरी बोलली, मग "मला तुमची मदत हवी आहे" म्हणाली आणि धपकन बसली. सभेचं कामकाज विनिफ्रेड बघायची. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढंच होतं तर सांगायचंस ना बाई. आमच्या घरात अजून दोन केक पडलेत."

मग ब्रायोनी घरोघर गेली. कुणी चेक दिला, कुणी कोंबड्या विकून देतो म्हणाला, एका म्हातारीने पाकीट उघडून तिलाच म्हटलं, "तू घे बघून, मला चष्मा सापडत नाही." दहा घरं झाल्यावर तिला त्यात मजा वाटायला लागली.

एक घर मात्र ती टाळून जायची. हार्लन स्टॅबलरचं.

हार्लन एकेकाळी सभेचा खांब होता. मग बाकांवर गाद्या घालायच्या का, हा प्रश्न निघाला. हार्लनचं म्हणणं, गादीवर माणूस देवाची वाट बघत नाही, झोपतो. क्वेकर मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलत राहतात, आणि हे बोलणं तीन वर्षं चाललं. शेवटी हार्लन म्हणाला, "तुमच्या आड येत नाही, घाला गाद्या." गाद्या आल्या आणि हार्लन यायचा थांबला. त्याला दहाबारा वर्षं झाली होती.

एका संध्याकाळी लोर्ना घरी आली ती हसू दाबत. "पेंडीच्या दुकानात हार्लन भेटला. म्हणतो, कॉपॉकांची पोर माझ्या फाटकावरून रोज सायकल दामटते. मेथडिस्ट चर्चवाल्यांकडेसुद्धा थांबली. मी काय मेलोय?"

"त्यांनी तर सभा सोडलीय."

"सभा सोडलीय, गाव नाही सोडलं. जा."

हार्लन कांद्याच्या वाफ्यात वाकून कांदे उपटत होता. ब्रायोनी फाटकाशी उभी राहिली. त्याने वर पाहिलं नाही.

"तुम्ही कामात आहात का?" तिने विचारलं.

"तुम्ही?" हार्लनने कांदा झटकला. "एवढीशी होतीस तेव्हा मला 'तू' म्हणायचीस. सगळे सारखे, म्हणून आपल्यात राजालाही 'तू' म्हणतात. मला तेवढं अहोजाहो कधीपासून?"

"बरं, तू कामात आहेस का?"

"आहे. त्या बाजूने उपट. मुळं तोडू नकोस."

ती बसून कांदे उपटायला लागली. मौनाची दोघांनाही सवय होती. वाफा संपत आल्यावर हार्लनने विचारलं, "त्या लोकांना घराबाहेर का काढतात?"

"भाडं थकतं म्हणून. कधी वरच्या मजल्यावरचं पाणी गळतं, तक्रार केली म्हणूनही काढतात."

"आणि तू जाऊन काय करणार? तू काही वकील नाहीस."

"फोन घेणार. कोर्टात त्यांच्याबरोबर बसणार. तिथे एकटं बसावं लागलं की माणसं हबकतात म्हणे. खरं सांगायचं तर अजून मलाही नीटसं माहीत नाही."

"हे बरं बोललीस," हार्लन म्हणाला. "मग आता माग."

"काय?"

"ज्याच्यासाठी आलीस ते. मी आपणहून देणार नाही. कुणी मागितल्याला किती वर्षं झाली, मलाही बघायचंय कसं वाटतं ते."

ब्रायोनी हात झटकून उभी राहिली. दहा घरांत झालेली सवय कुठल्या कुठे पळाली. "हार्लन," ती म्हणाली, "मला या वर्षासाठी तुझी मदत हवी आहे. देशील का?"

हार्लनने हातातले कांदे ढिगावर ठेवले. मग तो म्हणाला, "देईन. पण इथे नाही. असली गोष्ट सभेत द्यायची असते."

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. कुणी वळून पाहिलं नाही, पण सगळ्यांना दिसलं. मागच्या बाकावर येऊन त्याने गादी उचलली, घडी करून खाली ठेवली आणि उघड्या लाकडावर ताठ बसला. त्या दिवशीच्या मौनात कुणीही घोरलं नाही. संपल्यावर त्याने पैशांचं पाकीट विनिफ्रेडच्या हातात दिलं. ती म्हणाली, "कंबर कशी आहे तुझी?" तो म्हणाला, "गादीवर बसणाऱ्यांपेक्षा बरी." यावर विनिफ्रेड इतकी हसली की तिला कॉफी आणून द्यावी लागली.

ब्रायोनीला फिलाडेल्फियाला नेऊन सोडण्याचं कामही हार्लननेच अंगावर घेतलं, कारण त्याच्या मते लोर्नाची गाडी ओहायोबाहेर जगली नसती. दिवसभर पिकअप चालवून ते पोचले तेव्हा इतर सहा जण आधीच आले होते आणि मसुराचं सूप करपवून बसले होते. हार्लनने सामान उतरवलं, न्हाणीघरातला गळका नळ पाहिला, पाना आणला आणि नळ नीट करूनच जेवायला बसला.

जेवताना पोरं एकमेकांना वाटा कसा जमवला ते सांगत होती. कुणी शाळेच्या मास्तरांना गाठलं होतं, कुणी आजीच्या ब्रिज खेळणाऱ्या मैत्रिणींना. डेस्मंड नावाचा मुलगा तेवढा नुसता ऐकत होता. तो अनाथालयात वाढलेला, क्वेकरही नव्हता. त्याचा वाटा अर्धाही जमला नव्हता. इनेझने त्याला सांगितलं होतं, पैशापायी कुणाला परत पाठवत नाही, पण प्रयत्न सोडू नकोस.

"मागायला माणसं लागतात," डेस्मंड हसत म्हणाला. "माझी संपली."

हार्लनने पाव सुपात बुडवला. "तुला काय काम मिळालंय?"

"शाळा सुटल्यावर पोरांना वाचायला शिकवायचं."

"मला अजून कुठे विचारलंस?"

डेस्मंडने ब्रायोनीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. "विचार," ती म्हणाली. "तो स्वतःहून देत नाही."

डेस्मंड लाजला, मग त्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं. हार्लनने सूप संपवलं, मग ब्रायोनीचा फोन मागून घेऊन विनिफ्रेडला लावला. "एक मुलगा आहे," तो सांगत होता. "नाही, आपल्यातला नाही. आता आहे असं धर."

त्या शरद ऋतूत हार्लन स्टॅबलर मिलब्रूकमध्ये दारोदार फिरला. सभेतल्या माणसांकडे गेला, मेथडिस्टांकडे गेला, पेंडीच्या दुकानदाराकडे दोनदा गेला. थंडी पडायच्या आत डेस्मंडचा वाटा पुरा झाला. आणि मिलब्रूकची मंडळी ब्रायोनीला फोन करायची तेव्हा आधी डेस्मंडचीच चौकशी करायची. तिला याचा थोडा राग यायचा, पण ती फोन डेस्मंडकडे द्यायची.