सतरा नंबरची भिंत

पडद्यावर

एकेचाळीस काळे चौकोन. बेचाळिसाव्यात भूगोलाच्या बाई स्वतः. ऑनलाइन तास संपेपर्यंत आपल्याच चेहऱ्याला शिकवत बसायचं. पोरं 'हजर' असं लिहायची नि पुन्हा पांघरुणात शिरायची. मग बाईंनी शक्कल लढवली. हजर म्हणायचं नाही, आपल्या हजेरी-नंबरापुढे खिडकीतून काय दिसतं ते लिहायचं.

नऊ: कावळा.
बावीस: शेजारच्या काकांची चड्डी.
सतरा: भिंत.

सतराची रोज भिंतच. एकदा बाईंनी लिहिलं, "आज कशी आहे गं भिंत?"

"ओली. एक मुंगी वाट चुकलीय."

नवरा गेल्यापासून बाईंच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. त्या दिवशी भांडी घासताना, दार लावताना त्यांच्या डोक्यात एकच. सापडली असेल का वाट? सकाळी हजेरीत उत्तर आलं.

सतरा: सापडली.

वर्गात

शाळा उघडली. सतरा शेवटच्या बाकावरची निघाली, उंच, खांदे पाडून बसलेली. बाईंनी हौसेने तिला विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?"

"बाई, तुम्हालाही तेच दिसतंय की!" बावीस म्हणाला. वर्ग खिदळला.

सतरा उभी राहिली. नखाने बाकाची कड खरवडू लागली.

"अगं, तुझी ती मुंगी? आठवते ना?" बाई म्हणाल्या.

घात झाला तो तिथेच. मधल्या सुट्टीपर्यंत सतराचं नाव 'मुंगी' पडलं. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या, चौथ्याही.

"पोरं आहेत, विसरतील," चित्रकलेचे सर म्हणाले. "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

बाईंनी वह्यांचा गठ्ठा उचलला. जिवाला लावून घ्यायला दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

फळ्याकडे तोंड

पाचव्या दिवशी सतरा आली. बाई वर्गात शिरल्या आणि सरळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आजपासून हजेरी अशी. मी वळणार नाही. तुमचे कॅमेरे बंद समजा. काय दिसतं?"

कुजबुज. मग एक, दोन, तीन. पंखा. पाल. कुणाचा तरी डबा. सोळा: "सुट्टी दिसत नाही, बाई."

मग सतराची पाळी. बाईंच्या बोटांत खडू मोडला. वळावंसं वाटलं, पण त्या वळल्या नाहीत.

"तुमची पाठ," मागून बारीक आवाज आला. पहिल्यांदाच ऐकलेला. "बाई... स्वेटर उलटा घातलाय तुम्ही. लेबल बाहेर आहे."

वर्ग खदखदून हसला. या खेपेला बाईंवर.

बाईंनी हात मागे नेऊन मानेपाशी चाचपलं. होतं लेबल. सकाळी आरशासमोर, बसमध्ये दोन बाकांमध्ये उभं राहून, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत चहा पिताना, ते असंच बाहेर होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

लेबलावर बोट तसंच ठेवून त्या फळ्याकडेच तोंड करून राहिल्या.

"अठरा?" त्या म्हणाल्या.