कौरीच्या राईतला बूट घासायचा ब्रश

मी ब्रश बोलतोय. दात घासायचा नव्हे, बूट घासायचा. कौरी नावाच्या उंचच उंच झाडांच्या राईच्या फाटकात एका लोखंडी चौकटीत मला जखडून ठेवलं होतं. माझ्यावर बूट घासायचे, शेजारच्या फवाऱ्यानं तळवे भिजवायचे आणि मगच आत जायचं. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांचा चिखल अंगावर घेतोय. आता थकलो.

राई लहानशी, अर्ध्या तासात फिरून होणारी. फाटकावरून पुढं गेलं की झुलता पूल, त्याखाली धबधबा, आणि परतताना डेस्मंडच्या दुकानात मधाचं आइस्क्रीम. सगळं चालत जायच्या टप्प्यात, म्हणून सगळ्यांनाच घाई. आत आठशे वर्षांचा थोरला कौरी उभा आहे, पण त्याच्यासाठी मिनिटभर बूट घासा म्हटलं की कपाळावर आठी!

मी स्वतः त्याला कधी पाहिलं नाही. फाटकातून आत गेल्या गेल्या वाट वळते. बडबडत गेलेली माणसं गप्प होऊन बाहेर येत, त्यावरून मी काय तो अंदाज बांधायचा.

फाटकासमोर मेरेपेका मावशीचं घर. तिचा नवरा पाओरा त्या झाडाला आजोबा म्हणायचा. तो गेला आणि त्याच वर्षी मला इथं बसवलं. रोज सकाळी मावशी फवाऱ्यात जंतुनाशक भरायची, माझ्यात अडकलेले खडे पेचकसानं काढायची आणि खुर्ची टाकून बसायची.

"ओ पांढरे बूट! मागे फिरा."

"मावशी, थेट गाडीतून उतरलोय. स्वच्छ आहेत हो."

"रोग डोळ्यांना दिसत नाही. चिमूटभर माती पुरते. मुळाशी गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि बरं करायचं औषध नाही. घासा!"

कुणी हसायचं, कुणी मला ओलांडून उडी मारायचं. एक बाई तिला जेलर म्हणाली. मावशीनं ते गावभर कौतुकानं सांगितलं.

मार्च महिन्यात वनखात्याची ब्रायनी तपासणीला आली. आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली ती हातमोजेही न काढता पायरीवर बसली.

"मावशी, थोरल्याच्या बुंध्यातून डिंक गळतोय."

मातीचे नमुने तपासणीला पाठवले. अहवाल यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मावशी माणसांवर अशी तुटून पडायची की डेस्मंड येऊन म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकं माझ्याकडे रडत येतात!"

अहवाल आला त्या दिवशी तिघंही फाटकाशी उभी होती. थोरल्याच्या बुडाशी रोग निघाला होता.

"मी सांगत नव्हतो?" डेस्मंड तावातावानं म्हणाला. "हे बाहेरून येणारे! निम्मे तर ब्रशवरून उड्या मारतात."

ब्रायनीनं नकाशा उघडला. "फाटकाकडची माती स्वच्छ निघाली. रोग मागच्या कुंपणाकडून आलाय. तिकडून कोण जातं?"

 मावशी म्हणाली, "मी."

"तू?" डेस्मंडनं विचारलं.

"दर रविवारी. पाओराचे गमबूट घालून, गायींच्या कुरणातून. थोरल्याच्या बुडाशी बसायला. मी घरची ना! घरच्यांनी कसले बूट घासायचे?"

"रानडुकरंही तिकडून येतात, मावशी. नेमकं कुणामुळे, ते कुणीच सांगू शकत नाही."

"डुकरांना सांगून कळत नाही गं. मला कळत होतं."

 डेस्मंडनं तिची खुर्ची उचलली आणि तिला घरी सोडून आला.

राईला कुलूप लागलं. रोग निदान लांबावा म्हणून ब्रायनी थोरल्याच्या खोडात इंजेक्शनं देते. म्हणते, वीस वर्षं काढेल, नाहीतर दोनच. माझ्यावर कुणाचा पाय पडेना. इतकी वर्षं विसावा मागत होतो, पण असा नको होता.

महिनाभर मावशी घराबाहेर पडली नाही. मग एका सकाळी ती ब्रायनीला घेऊन माझ्यापाशी आली. "पुलापलीकडे कौरीची रोपं उगवलीत, बोटाएवढी. तिथं बूट घासायला काहीच नाही. याला तिकडं बसवा."

"याचे केस झडलेत, मावशी. मी नवा मागवलाय."

"येईल तेव्हा येईल. तोवर हा."

तर आता मी पुलाच्या तोंडाशी आहे. बुटांच्या खाचांतली माती मला दिसते, पण माझे केस तिथवर पोचत नाहीत. दोनदा, तीनदा घासावं लागतं. नवा ब्रश आला की माझी सुटका, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मावशी रोज येते, पण आता ओरडत नाही. राई का बंद आहे असं कुणी विचारलं की सरळ सांगते, "माझ्यामुळे." माणसं गडबडतात आणि निमूटपणे बूट पुढं करतात.

त्याआधी ती स्वतःचे घासते. मग पुलाचा दोर धरून एक पाय मागे उचलते आणि समोर जो कुणी अनोळखी असेल त्याला म्हणते, "बघा हो जरा, राहिलंय का काही? मला वाकवत नाही."

तुम्ही आलात तर तिचा तळवा नीट बघा. काही दिसलं, तर तिची भीड न धरता सांगा.