गुरुवारची खिडकी

मित्रांनो, ही गोष्ट २०१४ सालची. त्या वर्षी मी शेहेचाळीस वर्षांची होते. मी एक जुनी पगाराची खिडकी आहे. सामोआतल्या उपोलू बेटावर, समुद्राच्या रस्त्यालगत, नारळाच्या दुधाचे डबे भरणारा एक कारखाना आहे. त्याच्या कचेरीच्या भिंतीत मी बसले आहे.

मला पाउलो सुताराने घडवले. लाकूड इफिलेलेचे, म्हणजे लोखंडाचा धाकटा भाऊच. मला कापताना पाउलोच्या करवतीचे दात गेले आणि त्याने मला भरपूर शिव्या दिल्या. मग त्याने मला भिंतीत जरा खालीच बसवले. त्याची बायको बुटकी होती आणि ती याच कारखान्यात नारळ खोवायची. तिला टाचा उंच कराव्या लागू नयेत म्हणून गावातली सगळी उंच माणसे जन्मभर माझ्यापुढे वाकत राहिली.

दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी माझे दार उघडे. आत फेरेती बसलेला असे, आमचा पगार कारकून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पुढे तपकिरी पाकिटांची चळत. बाहेर नारळाच्या सोडणाचे तूस केसांत अडकलेल्या बायका आणि घामेजलेले पुरुष. त्या दिवशी माझे कोण कौतुक! कुणी माझ्या चौकटीवर फुलांचा हार ठेवी, कुणी गरम पानिकेके, म्हणजे तळलेले गोड गोळे. बाकीचे तेरा दिवस माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण त्याचे मला काही वाटले नाही. सणही रोज येत नाहीत.

या रांगेत सालाफाई आत्याच्या घरच्या सहा जणी होत्या. एक आत्या स्वतः, बाकी भाच्या आणि सुना. त्या पाकीट घेत आणि न फोडता समोरच्या नीरफणसाखाली जात. तिथे आत्या आपले पाकीट आधीच घेऊन चटईवर बसलेली असे. सगळी पाकिटे तिच्या मांडीवर. मग ती वाटणी करी. हे चर्चचे, हे शाळेचे, हे गावात कुणाकडे मयत झाली तर द्यायचे, हे मिठाचे आणि दिव्याचे. उरले तर प्रत्येकीला बसभाडे. भावांच्या घरात बहिणीचा शब्द मोठा, ही आमच्याकडची रीत. आत्याच्या हिशेबाला कुणी कधी प्रश्न विचारला नाही. आणि खरे सांगायचे तर त्या घरात कधी कुणी उपाशी निजले नाही.

त्या वर्षी मोठ्या कचेरीतून फर्मान आले. जुलैपासून पाकिटे बंद. पगार सरळ बँकेत. प्रत्येकाने कामगारांच्या पोर्टलवर जाऊन आपले नाव आणि खाते स्वतः भरायचे.

"पोर्टल म्हणजे काय रे बाबा?" वाइपुनाने विचारले. ही आत्याची चुलत भाची, जिभेची तिखट.

"खिडकीच समज," फेरेती म्हणाला. "घरी बसूनही उघडता येते."

"मग तिच्यातून वारा येतो का?"

सगळ्या हसल्या. मी मात्र हसले नाही. माझ्या जागी दुसरी खिडकी येत होती, आणि तिला ना लाकूड, ना कडी.

फेरेतीने संगणकाचे तोंड माझ्याकडे वळवले, म्हणजे बायकांना बाहेर उभ्या राहूनच भरता येईल. पहिली आली लुपे, आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. वय एकवीस. राजधानी आपियातल्या नर्सिंगच्या वर्गात तिला जागा मिळाली होती. महिनाअखेरीपर्यंत पहिला हप्ता भरला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आत्याने या पगारातून पैसे देईन असे कबूल केले होते.

पडद्यावर प्रश्न आला. पगार कोणत्या खात्यात जमा करायचा?

लुपेने क्षणभरही विचार केला नाही. आत्याच्या बायबलमध्ये जपलेले पासबुक आणले होते, त्यातला आकडा तिने भरला. पगार आत्याकडेच जातो, मग दुसरे काय भरायचे? मागून पाचही जणींनी तोच आकडा भरला. यंत्राने निमूटपणे सगळे घेतले.

गुरुवार आला आणि सहाही जणींचा पगार आला नाही. आली ती मोठ्या कचेरीची चिठ्ठी. फेरेतीने ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि आत्याला माझ्यापाशी बोलावले.

"आत्या, राग मानू नका. कचेरी विचारते आहे की या सगळ्यांचा पगार तुम्ही घेता का?"

"घेते म्हणजे? मी नाही तर कोण घेणार? तू?"

"तसं नाही. त्यांना वाटतंय की कुणीतरी या मुलींवर दडपण आणून..."

आत्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"फेरेती," ती हळूच म्हणाली, "तुझ्या आईच्या मयतीला मी वीस चटया घेऊन आले होते. त्यातली एक तरी चोरीची होती का?"

"नव्हती, आत्या." आमच्याकडे मयताच्या घरी विणलेल्या चटया नेणे हा सगळ्यात मोठा आहेर.

"मग हे त्यांना कळव."

"कळवतो. पण नियम झालाय. एका माणसाचं एकच खातं, स्वतःच्या नावाचं. उद्या चार वाजेपर्यंत भरलं तर पगार सोमवारी सुटेल. नाहीतर पुढच्या महिन्यात."

"एका घरात सहा खाती? मग त्याला घर कशाला म्हणायचं, बाजार म्हणा की!" आत्या म्हणाली आणि पाठ फिरवून चालती झाली.

पुढचा महिना म्हणजे लुपेची जागा गेली, हे माझ्या लाकडालाही कळत होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लुपे बसने बँकेत गेली आणि स्वतःच्या नावाचे खाते उघडून आली. हातात कागद, कपाळावर घाम. वाइपुना म्हणाली, "भर पटकन. आत्याला नंतर सांगू."

"नाही," लुपे म्हणाली. "तिच्या पाठीमागे नाही."

"मग नर्स हो तिच्या परवानगीने, पन्नासाव्या वर्षी!"

लुपे माझ्या चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. तीन वाजले. सव्वा तीन. काहीतरी करावे म्हणून ती पडदा वरखाली करत होती. तळाशी एक बारीक ओळ दिसली, तशी ती थांबली.

"फेरेतीकाका, हे काय आहे? 'दुसरे खाते जोडा'?"

"ते होय? पगारातला थोडा भाग वेगळा टाकायचा असेल तर. बचतीला वगैरे."

"दुसऱ्याच्या नावाचं चालतं?"

"तू लेखी दिलंस तर चालतं. तू ठरवशील तेवढाच. पण अजून कुणी..."

लुपे तोवर धावत सुटली होती. साडेतीनला ती आत्याला हाताला धरून घेऊन आली. आत्या तोंड फिरवून उभी राहिली.

"बघ आत्या. माझा पगार आला की तुझा वाटा यंत्रच आधी बाजूला काढेल. मी विसरले तरी काढेल."

"मला यंत्राकडून नको."

"माझ्याकडूनच आहे. मीच सांगितलेलं असेल."

आत्याने माझ्या फळीवरची धूळ हाताने पुसली. मग माझ्याकडे बघत, जणू मलाच सांगते आहे तशी म्हणाली, "पाकिटं मांडीवर आली नाहीत, तर पोरी झाडाखाली येतील तरी कशाला? पैसे गेले बँकेत, आणि पोरी गेल्या आपापल्या वाटेने."

"आत्या! मी पाकीट द्यायला येत होते असं वाटलं तुला?" लुपे म्हणाली. "मी तुझ्या शेजारी बसायला येत होते. बारा दिवस उभं राहून नारळ खोवल्यावर तेवढंच बसायला मिळायचं."

फेरेतीने खोकल्याचे निमित्त केले. "आत्या, चारला वीस मिनिटं आहेत."

आत्याने डोळे पुसले आणि एकदम कामाचा आवाज काढला. "किती टाकणार माझ्याकडे?"

"चाळीस ताला." ताला म्हणजे आमचा रुपयाच.

"साठ."

"आत्या, मला हप्ता आहे, बसभाडं आहे!"

"चर्चच्या छपराला पत्रे कोण घालणार? पंचावन्न."

"पंचेचाळीस."

"चारला बारा मिनिटं," फेरेती म्हणाला.

"पंचेचाळीस," आत्या म्हणाली. "नर्स झालीस की वाढव. आणि त्या कचेरीला लिही, हे माझ्या भाचीनं स्वतःच्या बोटानं भरलंय."

लुपेने भरले. वाइपुना मागेच उभी होती. तिने बँकेचा स्वतःचा कागद हळूच ब्लाउजमधून काढला, तेव्हा आत्यासुद्धा हसली. बाकीच्यांचे पुढच्या आठवड्यात झाले. शेवटी उरली आत्या. तिचे नाव भरून झाले, खाते झाले. मग फेरेतीने विचारले, "तुमच्या पगारातला काही भाग वेगळा ठेवायचा का? खास तुमच्यासाठी?"

असे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. ती गोंधळली. "माझ्यासाठी? मी काय करू?" तेव्हा पाचही जणी एकदम बोलायला लागल्या. कुणी म्हणे चष्मा, कुणी म्हणे गुडघ्याचा डॉक्टर. शेवटी लुपेने दहा ताला असे भरून टाकले.

सोमवारी पगार सुटला. लुपेने हप्ता वेळेत भरला.

मित्रांनो, पुढे काय झाले तेही सांगते. लुपे नर्स झाली आणि सवाई बेटावरच्या इस्पितळात लागली. आत्याचा वाटा तिने दोनदा वाढवला, आत्याने न मागता. वाइपुना न्यूझीलंडला सफरचंद तोडायला गेली, तिकडेच लग्न करून राहिली. जाताना तिने फेरेतीला आपली जुनी छत्री भेट दिली. छत्री फुटकी होती. फेरेती निवृत्त झाला आणि आता मासे पकडतो, फारसे सापडत नाहीत. सालाफाई आत्या ऐंशीच्या पुढे गेली आहे. त्या दहा-दहा तालांतून तिने चष्मा घेतला, आणि त्या चष्म्यातून ती दर पंधरवड्याला पोर्टल उघडून सगळ्यांचे आकडे स्वतः तपासते. चुकले तर कचेरीला फोन करते. कचेरी तिला घाबरते.

आणि मी? दोन वर्षे माझे दार बंद होते. रंग उडाला, बिजागऱ्या गंजल्या, आतून कुणीतरी मला खोकी टेकवली. वाटले, संपले आपले. मग नवी कारकून मुलगी आली. तिच्या लक्षात आले की कामावर लागलेली नवी माणसे एकटी असली की पोर्टलसमोर घाबरतात, काहीही भरून मोकळी होतात. तिने खोकी हलवली आणि मला उघडले. आता पहिल्या दिवशी प्रत्येक जण माझ्यापाशीच येतो, आणि ती शेजारी उभी राहून विचारते, "हे खातं तुझंच ना? नीट बघ. घाई नाही."

म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. नवी रीत जरूर आणा, ती चांगलीही असते. पण ती ज्याला समजत नाही त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. तो चुकला तर आधी त्याच्या घरची रीत विचारा, चोर म्हणू नका. आणि कधी या वाटेने आलात, तर माझ्या बिजागरीला दोन थेंब खोबरेल लावा. मला अजून पुष्कळदा उघडायचे आहे.