राईतल्या चार काटक्या

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. सदाशिव पेठेतल्या मच्छिंद्र शिंप्याने मला जाड कॅनव्हासमध्ये शिवलं. ही फाटली तर दुकान बंद करीन, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. दुकान कधीच बंद झालं, मी अजून आहे.

मला विकत घेतलं बुद्धभूषणने. तो हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. जोडून सुट्टी आली की तो आणि त्याची मैत्रीण पद्मजा स्वारगेटला एसटी पकडायचे, आणि पुढे तीन-चार दिवस वाड्यावस्त्यांतून पायी भटकायचे. माझी पाठ मोडायची, पण कौतुकही व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

२००३ च्या डिसेंबरात वाट दाखवायला महिपती होते. त्यांच्या गावाची देवराई पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं घर राखत होतं. राईला हात लावायचा नाही, असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं. पण पुण्याच्या ट्रेकर मंडळींचा आपला एक नियम असतो: झाड तोडायचं नाही, पडलेलं लाकूड घ्यायला हरकत नाही. बुद्धभूषणने राईतून जाताना चार वाळक्या काटक्या उचलून माझ्या पोटात सरकवल्या. मला काय कळणार? मी त्या मुकाट्याने वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहासाठी त्या बाहेर काढल्या, तर महिपतींनी त्या लगेच ओळखल्या. तसलं झाड राईबाहेर कुठेच नव्हतं. राईतली काटकी बाहेर गेली तर राखण त्या घराकडून काढून घ्यायची, ही गावाची रीत. पद्मजा म्हणाली, जाळून टाकू, कुणाला कळणार आहे?

"मला कळलं की," महिपती म्हणाले.

बुद्धभूषणच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून देव नव्हता. त्याने ते सरळ सांगितलं. "मी देव मानत नाही, महिपतीकाका. पण माझ्यामुळे तुमची राखण जाणार असेल, तर मला परत गेलंच पाहिजे." सोमवारचं ऑफिस बुडालं. आल्या वाटेने दिवसभर मागे चालून त्याने काटक्या होत्या तिथे ठेवल्या, आणि गावकीपुढे उभं राहून चूक आपली असल्याचं सांगितलं. गावकीने राखण महिपतींकडेच ठेवली. एकच विचारलं, वर्षातून एक दिवस यांच्यासोबत राखणीला येशील का? तो हो म्हणाला.

नऊ वर्षं आम्ही गेलो. मग तो मॅनेजर झाला, राईला जाणं थांबलं, चाकांची बॅग आली, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मला वाईट वाटलं. फार वाटलं.

परवा महिपतींचा फोन आला. आवाज थकलेला होता, तक्रारीचा सूर मात्र नव्हता.

"तुमच्या नावानं दोन वर्सं मीच बसतो हाय. औंदा नजर साथ देत न्हाई, म्हणून म्हणलं इचारावं."

येतो म्हणून बुद्धभूषणने फोन ठेवला. मग स्टूल ओढून त्याने मला खाली काढलं आणि उसवलेला पट्टा दाभणाने शिवायला घेतला.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना अधूनमधून झटकत जा, टाका घालत जा. नाहीच जमलं तर आम्ही धूळ खात पडून राहू. पण तुमच्या नावाने कुणी उन्हात बसलं असेल, तर आधी उठा आणि त्याच्याकडे जा.