सृष्टीच्या गाडीचं इंजिन

कुंडलच्या लालासाहेबांची लेक सृष्टी आजारपणात गेली. घरच्या जुन्या कॉन्टेसा गाडीत मोठ्या ताकदीचं इंजिन बसवायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिच्यामागं ते काम पुरं करायला लालासाहेब ती बोलणी करून आली होती त्या मिरजेच्या गॅरेजात आले.

मिस्त्री तानाजीनं त्यांना इंजिनाचे दोन ब्लॉक दाखवले. "ह्यो बिडाचा, ओतीव लोखंडाचा. जड हाय, पण लय ताकद सोसतो. ह्यो ॲल्युमिनियमचा, हलका. गाडी वळणावर हातात ऱ्हाती."

"सृष्टीला कुठला पायजे हुता?"

"तिचं ठरलं न्हवतं, आबा. म्हनली, आबांस्नी इचारून सांगते."

दवाखान्याच्या धावपळीत ते विचारणं राहूनच गेलं होतं. लालासाहेब बराच वेळ दोन्ही ब्लॉकांवरून हात फिरवत राहिले.

"सोसतो त्यो घे," ते म्हणाले आणि तिथंच खाली बसून रडू लागले.